ऑफिसातले जुने टेबल

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीचा इतिहास' लिहायला सांगितला. नोंदणी कधी झाली, पहिली कार्यकारिणी कोणती, बोअरला पाणी कधी लागले, आतला रस्ता कधी झाला, हे सगळे सचिवांच्या अहवालात आलेले आहे. तेच पुन्हा लिहून आपली पाने कशाला भरायची? म्हणून मी सोसायटीच्या ऑफिसातल्या टेबलाचा इतिहास लिहितो. त्याला कारणही घडले आहे. मागच्या सभेत असा विषय निघाला की, रौप्यमहोत्सवानिमित्त ऑफिसला नवे टेबल घ्यावे आणि जुने भंगारवाल्याला देऊन टाकावे. भंगारवाला तीनशे रुपये म्हणाला आहे. ठराव अजून व्हायचा आहे. तो होण्याआधी हे टेबल कुठून कुठून आले ते सभासदांना माहीत असावे, एवढाच हेतू.

टेबल सर्वांच्या पाहण्यातले आहे. सागवानी, साडेतीन फूट लांब, एका बाजूला एकच ड्रॉवर. डाव्या कोपऱ्यावर शाईचा मोठा डाग. उलटे केले तर खालच्या फळीवर काळ्या रंगात उर्दू लिपीतला एक आकडा आहे: ३१. तो कोणी आणि कशासाठी घातला याचा विचार मी लहानपणापासून करत आलो. त्यावरून एक गोष्ट मात्र नक्की. आमच्या घरी येण्याआधी हे टेबल कुठल्या तरी यादीत होते, म्हणजे तेव्हाही ते 'जुने'च होते.

आपल्या हिंगोलीत जुन्या सामानाची परंपरा मोठी आहे. आज आपण रिसाला बाजार, तोफखाना ही नावे सहज घेतो, पण ही लष्करी नावे आहेत. निजामाच्या राज्यात 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. त्या खर्चापोटी १८५३ च्या तहात वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने सालाना २५ लाख रुपये ठरवून ते कायमचेच भाडेपट्ट्याने घेतले. (बँकेच्या माणसाला हा व्यवहार वाचताना घाम फुटतो. एवढा मुलूख, आणि भाडे कधी वाढायचे नाही!) या फौजेची एक छावणी हिंगोलीला होती. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडून ती फौज हिंदुस्थानच्या मुख्य सैन्यात मिसळली आणि छावणी उठली.

छावणी म्हटली की बदली आली, आणि बदली आली की सामान आले. इंग्रज अधिकारी एका ठिकाणी दोन-तीन वर्षे राहायचा. म्हणून त्यांनी घडीचे फर्निचर काढले. 'रुरकी चेअर' म्हणून एक खुर्ची प्रसिद्ध आहे. रुरकीच्या लष्करी इंजिनिअरांच्या नावाची. सगळे दांडे सुटे, वर कातडी किंवा कॅनव्हास, आणि गुंडाळली की बिछान्याच्या वळकटीएवढी. पण जड वस्तू कोण नेणार? बदली झाली किंवा अधिकारी मेला की त्याच्या सामानाचा पलटणीत लिलाव व्हायचा. आपल्याकडे त्याला हर्रास म्हणतात. आमच्या लहानपणी गावातल्या दोन-तीन जुन्या वाड्यांत लांब हातांच्या आरामखुर्च्या होत्या. पाय वर टाकून बसायच्या. त्यांना म्हातारी माणसे 'छावणीची खुर्ची' म्हणत.

जुन्या मालाबद्दल हिंगोलीची एक गोष्ट तर थेट विलायतेत छापली गेली. मेडोज टेलर याच्या १८३९ च्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ती आहे. हिंगोलीच्या छावणीत हरिसिंग नावाचा कापडाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. त्याने कॅप्टन रेनॉल्ड्सकडून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना घेतला. प्रत्यक्षात दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे कापड वाटेत येत होते. हरिसिंगाने त्याला आणि त्याच्या माणसांना वाटेतच संपवले, माल परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. कागदपत्र सगळे चोख! पुढे तो ठगांचा म्होरक्या निघाला. बँकेत आम्ही नवीन पोरांना कर्जाचे कागद तपासायला शिकवायचो, तेव्हा मी ही गोष्ट सांगत असे. वस्तू आधी कोणाची होती, आणि ती त्याच्या हातून कशी सुटली, हे विचारल्याशिवाय जुना माल घेऊ नये.

आता आमच्या टेबलाकडे येतो.

आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, हिंगोलीत एका जिनिंगमध्ये मुनीम होते. चार घरे सोडून एक पेशकार साहेब राहत. कचेरीतले, हैदराबादकडचे. दादांचे त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला जाणे-येणे होते. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने गावातली बरीच घरे पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेली, तशी आमचीही माणसे वाशीमकडे नातलगांत गेली. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. आई सांगायची, निघायच्या संध्याकाळी बैलगाडीत फक्त धान्य, भांडी आणि अंथरुणे बसली. घरात एकच चांगली वस्तू होती, लग्नातला शिसवी पलंग. तो एका माणसाने चार रुपयांत घेतला. तो माणूस ओळखीचाच होता. आई म्हणायची, "त्याला ठाऊक होतं आम्हाला रात्रीच निघायचंय. त्यानं भाव केलाच नाही. नुसता गाडीकडं बघत उभा राहिला."

१३ सप्टेंबरला पोलीस ॲक्शन सुरू झाली, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. महिनाभराने आमची माणसे परत आली तेव्हा घराच्या भिंती होत्या, बाकी काही नव्हते. आणि आता वारे उलटे फिरले होते. आधी जे घाबरून होते त्यांचे दिवस आले होते, आणि काल ज्यांचे राज्य होते त्यांची सामान्य माणसे घाबरून होती. मराठवाड्यात त्या महिन्यांत दोन्हीकडच्या निरपराध माणसांनी सोसले. पंडित सुंदरलालांची समिती पंडित नेहरूंनी त्याचसाठी पाठवली होती. हे आपल्या घरात फारसे बोलले जात नाही, पण इतिहास लिहायचा तर अर्धा लिहून चालत नाही.

दिवाळीच्या सुमारास पेशकार साहेबांनी हैदराबादला नातलगांकडे जायचे ठरवले. त्यांनी दादांना बोलावले आणि टेबल, एक खुर्ची आणि एक तख्तपोस दाखवले. दादांनी किंमत विचारली. ते म्हणाले, "मुनीमजी, जो मुनासिब समझो." टेबल त्यांनी स्वतः कधी काळी हर्रासात घेतले होते, एवढेच ते जास्तीचे बोलले. दादांच्या हिशेबाने तिन्ही वस्तूंचे मिळून एकतीस रुपये व्हायला पाहिजे होते. घरात होते अकरा. हाली शिक्क्याचे. ते अकरा दिले आणि दोन माणसांच्या डोक्यावर टेबल आमच्या घरात आले. चार घरांचा प्रवास, भाडे शून्य.

त्या रात्री दादांनी रोजमेळात अकरा रुपये नावे टाकले, आणि खाली वेगळ्या ओळीत लिहिले: 'पेशकार साहेब, देणे रु. २० हाली.' कोणी मागितलेले नव्हते. आई म्हणाली, "आता ते कुठं भेटणार?" दादा काही बोलले नाहीत. पुढे दर दिवाळीला नवी वही उघडली की ती ओळ मागील पानावरून पुढे आणायची. मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा ती ओळ मी वाचलेली आहे. मला वाटायचे पेशकार साहेब हा कोणी देव असावा, दर वर्षी वहीपूजेच्या दिवशी त्याचे नाव लिहितात म्हणून.

मध्यंतरी १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात आला. हैदराबादच्या नोकरांची आंध्र, म्हैसूर आणि मुंबई अशी वाटणी झाली. पुन्हा घरोघर बांधाबांध, पुन्हा पलंग आणि मेजे स्वस्त. योगायोग पाहा, त्याच १९५६ साली तिकडे स्वीडनमध्ये आयकिया कंपनीच्या गिलिस लुंडग्रेन या माणसाने टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि सुटे करून न्यायच्या फर्निचरचा धंदा जगभर पसरला. आयकियाचे भारतातले पहिले दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादलाच उघडले. आमचा मुलगा मला ते दाखवायला घेऊन गेला होता. मी एक टेबल उलटे करून बघितले. खाली आकडा होता, पण छापील.

बहुधा १९६२ ची गोष्ट. मी बारा वर्षांचा असेन. एक तिशीतले गृहस्थ आमच्या दारात आले. जमिनीच्या कसल्याशा कागदासाठी गावात आले होते. पेशकार साहेबांचे चिरंजीव. साहेब दोन वर्षांपूर्वी वारले होते. दादांनी त्यांना त्याच टेबलापाशी, त्याच खुर्चीवर बसवले, चहा दिला आणि वही काढली. वीस रुपये हाली. हाली तर बंद झालेला. सात हालीचे सहा कलदार, हा जुना हिशेब दादांना तोंडपाठ. कागदावर मांडून त्यांनी सतरा रुपये चौदा पैसे काढले आणि टेबलावर मोजून ठेवले. ते गृहस्थ बराच वेळ त्या वहीकडे बघत होते. मला वाटले आता 'नको नको' होणार, आग्रह होणार. तसे काही झाले नाही. त्यांनी सतरा रुपये उचलून खिशात घातले. चौदा पैसे माझ्या हातावर ठेवले. दादांनी वहीत ओळ मारली. त्या दिवशी दादा जेवायला बसले ते नेहमीपेक्षा दोन भाकरी जास्त जेवले, हे आई नंतर सगळ्यांना सांगायची.

मी १९७३ ला बँकेत लागलो. पुढची सदतीस वर्षे माझी बदल्यांत गेली. वरच्या साहेबांना भाड्याचे पूर्ण बिल मिळायचे, आम्हा कनिष्ठांना सगळे मोजूनमापून. त्यामुळे कमी पैशांत सामान कसे हलवायचे याचे शिक्षण मला सक्तीने मिळाले. नव्या पिढीच्या उपयोगी पडो न पडो, थोडे लिहून ठेवतो. आता तुमच्याकडे पॅकर्स-मूव्हर्स आहेत.

पहिली बदली वसमतला. टेबल मीटरगेज गाडीने गेले. पूर्णा-हिंगोली हा फाटा १९१२ चा, पुढे तो अकोल्याकडे जोडला गेला. स्टेशनचे नाव अजून 'हिंगोली डेक्कन' आहे, ती त्या राज्याची खूण. तेव्हाच्या छोट्या गाडीला गार्डच्या डब्याशेजारी सामानाचा डबा असे. वजन करून पावती घ्यायची आणि आपण त्याच गाडीत बसायचे. आमच्या टेबलाचे सांधे पाचर मारून केलेले, स्क्रू एकही नाही. त्यामुळे ते सुटे होत नाही. मग ते उलटे ठेवायचे आणि चार पायांच्या मधल्या जागेत गादी, उशा, कपड्यांचे गाठोडे, देव्हारा असे सगळे बसवून वरून सुतळीने आवळायचे. टेबलाची टोपली होते. एका नगाच्या पावतीत अर्धे घर जायचे. २००८ पर्यंत अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ती छोटी गाडी गेली. पण त्या आधीच सामान रेल्वेने न्यायची पद्धत मोडली होती.

दुसरी मोठी बदली किनवटला. किनवट म्हणजे सागवानाचे माहेर. तिथे सागवानी टेबल घेऊन जाणारा मी पहिलाच असेन, अशी सगळ्यांनी थट्टा केली. जाताना हसले, येताना रडवले. परत निघालो तेव्हा वाटेतल्या एका नाक्यावर ट्रक अडवला. लाकूड नवे की जुने, पास कुठे आहे. घरगुती वापरलेले सामान आहे, बदलीची ऑर्डर ही बघा, असे सांगून ऐकेनात. दीड तास गेला. शेवटी तिथला एक म्हातारा शिपाई ट्रकवर चढला, टेबलाच्या खाली डोके घालून बघितले आणि म्हणाला, "साहेब, ह्याच्यावर निजामाचा आकडा हाय. हे लाकूड तुमच्या-माझ्याआधी तोडलंय. जाऊ द्या." उर्दू आकड्याने आम्हाला सोडवले.

तिसरा प्रवास सर्वांत लांबचा, सांगलीहून. इथे आपल्या भागातल्या लोकांना माहीत असलेली एक गोष्ट माझ्या कामी आली. आपली हळद सांगलीच्या बाजारात जायची. शिजवून, वाळवून, घोळून माल तयार झाला की उन्हाळ्यात वसमत-हिंगोलीकडून ट्रक भरून निघत, आणि येताना त्यांना भाडे मिळेलच असे नसे. आपल्या बदल्याही त्याच एप्रिल-मेमध्ये, पोरांच्या परीक्षा झाल्यावर. म्हणून मी सांगलीच्या मार्केट यार्डात तीन संध्याकाळी नुसता गाड्यांच्या पाट्या वाचत हिंडलो. चौथ्या दिवशी वसमतची गाडी मिळाली. ड्रायव्हर गाववाला निघाला. साध्या भाड्याच्या निम्म्यात सौदा झाला, वर हळदीचा रिकामा बारदाना फुकट मिळाला. सगळ्या फर्निचरला तो गुंडाळला. काच, पॉलिश, कोपरे, कशालाही ओरखडा नाही. फक्त पुढचे वर्षभर आमच्या घरातली प्रत्येक उशी पिवळी होती, आणि सौ. म्हणायच्या की हे घर आहे की खंडोबाचे देऊळ.

बाकीच्या खुबी थोडक्यात. पलंगाचे बोल्ट चिंधीत बांधून त्याच पायाला बांधायचे. लोखंडी कपाट आडवे ठेवायचेच झाले तर पाठीवर, दारांवर कधी नाही. आरसा उतरवून दोन गोधड्यांच्या मध्ये, आणि उभा. जुना पलंग किंवा सोफा घेताना आधी सांध्यांत टाचणी घालून बघायची, ढेकूण असेल तर टाचणी बोलते. ढेकणाचे सामान कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. उकळते पाणी, रॉकेल, टिक-ट्वेंटी, सगळे करून आम्ही एका सोफ्यापुढे हरलेलो आहोत. पायाखाली बारीक पिठासारखा भुसा दिसला तर आत भुंगा आहे असे समजावे. आणि हमालांशी ठरवताना नगावर ठरवू नये, 'घरातून घरात' असे ठरवावे. नाही तर ट्रकपासून दारापर्यंतचा दुसरा सौदा भर रस्त्यात होतो.

पण खरे शहाणपण वाहतुकीत नाही, किमतीत आहे. बँकेच्या पुस्तकात फर्निचरवर दर वर्षी दहा टक्के घसारा धरला तर हजार रुपयांचे टेबल दहा वर्षांनी ३४९ रुपयांचे होते, पंचवीस वर्षांनी ७२ रुपयांचे. लाकूड तेच असते. बाजारात तर हा हिशेबही चालत नाही. मी इतक्या गावांत इतकी घरे मांडली-मोडली, त्यात मला हेच दिसले की जुन्या वस्तूची किंमत वस्तूवर ठरत नाही, विकणाऱ्याच्या निघायच्या तारखेवर ठरते. महिना असेल तर भाव, आठवडा असेल तर निम्मा, आणि ट्रक दारात उभा असेल तर घेणारा म्हणेल तो. पलंगाचे चार रुपये असेच ठरले होते.

हे मला माहीत होते. तरी मी एकदा तसेच केले. नाव-गाव लिहीत नाही. एका शाखेत आमचे एक सहकारी अचानक गेले. त्यांच्या पत्नींना दोन मुलांसह भावाकडे जायचे होते. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी. त्यांचे लोखंडी कपाट चांगल्या कंपनीचे, आत लॉकर असलेले, बाजारात दीड हजारापेक्षा कमी नव्हते. त्यांनी मलाच विचारले, "भाऊजी, तुम्हीच सांगा." मी सहाशे म्हणालो. बँकेच्या माणसाला आधी खालचा आकडा बोलायची सवय असते. मला वाटले त्या हजार म्हणतील, मग नऊशेवर येऊ. त्या 'बरं' म्हणाल्या. मी सहाशे मोजून दिले. सौ. तेव्हा काहीच बोलल्या नाहीत, पण त्या कपाटात त्यांनी स्वतःची साडी वर्षभर ठेवली नाही. सगळी माझीच कागदपत्रे होती त्यात.

मी वहीत ओळ लिहिली नव्हती. मनात होती, पण मनातली बाकी ऑडिटला दिसत नाही. निवृत्तीनंतर एका जुन्या मित्राकडून त्यांचा फोन नंबर मिळाला. मी सगळे सांगितले आणि फरकाचे पैसे व्याजासह पाठवतो म्हणालो. त्यांना कपाट किती रुपयांत दिले ते आठवतच नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "त्याच्या लॉकरची किल्ली अजून उलटीच फिरते का हो?" अजून उलटीच फिरते. मी पैसे पाठवले. त्यांनी घेतले.

आता आपल्या सोसायटीकडे. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी माणसे, आणि घरे कुठे होती? परभणीहून बदलून आलेली कुटुंबे एका खोलीत, अर्धे सामान नातेवाइकांकडे, अशी राहिली. आपली सोसायटी उभी राहिली ती याच गरजेतून. सुरुवातीच्या सभासदांपैकी जवळजवळ निम्मे नोकरदार तेव्हा आलेले. पहिल्या दोन वर्षांत आपल्या गल्लीत एकही नवे फर्निचर उतरलेले मला आठवत नाही. सगळे जुने, सगळे कोणाचे तरी. टाटाचे ४०७ यायचे, मागून पोरे पळायची. पुढे २००५ नंतर 'छोटा हत्ती' आला आणि दोन खोल्यांचे घर एका खेपेत, दोन हमालांत हलू लागले.

त्या काळात आपल्याकडे एक रीत आपोआप पडली. कोणाची बदली झाली की ते यादी करून ऑफिसच्या दाराला लावत. वस्तू, किती वर्षे वापरली, आणि अपेक्षित किंमत. किंमत विकणाऱ्याने आधीच लिहायची, म्हणजे शेवटच्या रात्री घासाघीस नको. ही सूचना मी केली होती, कशामुळे ते आता कळले असेल. त्या यादीतून आपल्यातल्या किती तरी घरांत वस्तू फिरल्या. सतरा नंबरमधला दिवाण आधी चार नंबरमध्ये होता, आणि चार नंबरमध्ये तो नांदेडहून आला होता. बावीस नंबरच्या वहिनींची शिलाई मशीन नऊ नंबरच्या ताईंनी घेतली, तिच्यावर आपल्या पोरांचे पहिल्या स्वातंत्र्यदिनाचे झेंडे शिवले गेले. मास्तरांच्या घरचा पाळणा तर कोणी विकलाच नाही. तो घरोघर फिरतो. माझ्या माहितीत त्यात अकरा बाळे झोपली, त्यातली दोन आता या समारंभाच्या तयारीत खुर्च्या उचलत आहेत. गेल्या सात-आठ वर्षांत ती यादी दारावर दिसत नाही. आता सगळे मोबाइलवर विकतात. घेणारा कोण, आणि वस्तू कुठे गेली, विचारायची सोय राहिली नाही.

सोसायटीची पहिली सभा माझ्या ओट्यावर झाली. नोंदणीच्या कागदांवर सह्या करायला सपाट जागा हवी होती, म्हणून हे टेबल बाहेर काढले. सभा संपल्यावर कोणाला ते आत नेऊन ठेवायचे सुचले नाही. मलाही नाही. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसच्या खोलीत गेले. दोन माणसांच्या डोक्यावर, भाडे शून्य. पावती नाही, ठराव नाही, त्यामुळे संस्थेच्या मालमत्ता नोंदवहीत ते नाही. म्हणजे नियमाने पाहिले तर संस्थेला ते विकता येत नाही. पण मी तो मुद्दा सभेत काढणार नाही. एकतीस रुपये हालीची वस्तू आज तीनशेला जाते आहे, तोटा म्हणता येणार नाही. नवे टेबल घ्यायचे असेल तर जरूर घ्यावे, कॉम्प्युटर ठेवायला याची उंची कमी पडते हे मलाही मान्य आहे. आमच्या मुलाच्या पुण्याच्या घरात याला जागा नाही, हे त्याने मोकळेपणाने सांगितले. आपल्यापैकी कोणाच्या घरी शाळेत जाणारे पोर असेल आणि अभ्यासाला टेबल नसेल, तर त्यांनी सभेच्या आधी मला सांगावे. किंमत जी ठरेल ती संस्थेच्या खात्यात भरू.

आणि भंगारवाल्यालाच द्यायचे ठरले, तर त्याला बोलावण्याआधी ड्रॉवर रिकामा करावा. पहिल्या तीन वर्षांची पावती पुस्तके त्यात आहेत. किल्ली माझ्याकडे आहे.